निरोगी माणसाने गोळी का गिळावी?

हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आरोग्य खात्याचे कर्मचारी दारात उभे राहिले, की घरातील धडधाकट माणूस एकच प्रश्न विचारतो. "मला काहीएक झालेले नाही, मग मी औषध का घ्यावे?" या प्रश्नाची वासलात अज्ञान म्हणून लावण्याची सवय आपल्या प्रशासनाला जडलेली आहे. वस्तुतः हा प्रश्न अत्यंत व्यवहारी आहे. ज्याचा लाभ दिसत नाही आणि ज्याचा त्रास मात्र दुसऱ्याच दिवशी ताप होऊन अंगावर येतो, तो सौदा कोणी का पत्करावा? प्रश्न विचारणाऱ्यास 'सरकारने सांगितले आहे' हे उत्तर पुरेसे होत नाही, आणि होऊही नये. या प्रश्नाचे खरे उत्तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील जीवशास्त्रीय संशोधनाने दिलेले आहे. दुर्दैवाने ते प्रयोगशाळांच्या नियतकालिकांतच राहिले. ज्याने गोळी गिळावयाची त्याच्यापर्यंत ते पोहोचलेच नाही.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, याचे कारण असे की हत्तीरोगाचे निर्मूलन हा आता औषधाच्या उपलब्धतेचा प्रश्न राहिलेला नाही. औषधे आहेत आणि ती घरपोच फुकट मिळतात. अडले आहे ते खर्च कोणी सोसावयाचा आणि लाभ कोणाला मिळावयाचा, या हिशेबावर. आणि हा हिशेब निखळ अर्थशास्त्राचा आहे.

रोगाची व्याप्ती

हत्तीपाय हा शब्द आपल्याला परिचित आहे. पण त्यामागील जंत फारसा कोणी पाहिलेला नसतो. भारतात प्रामुख्याने आढळणारा हा जंत दोऱ्यासारखा बारीक असतो. त्याची मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब असते. नर-मादीच्या जोड्या माणसाच्या लसीकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातील पाणी आणि संरक्षक पेशी वाहून नेणाऱ्या नलिकांत, घरटे केल्याप्रमाणे राहतात. एक मादी आपल्या आयुष्यात लक्षावधी सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडते. त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. ही पिल्ले दिवसा फुप्फुसांच्या खोल रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री, क्युलेक्स डास चावण्याच्या सुमारास, त्वचेजवळच्या रक्तात येतात. म्हणूनच या रोगाच्या पाहणीसाठी रक्ताचे नमुने रात्री घ्यावे लागतात. डासाच्या शरीरात पिल्लांची वाढ होते आणि तोच डास ती दुसऱ्या माणसाला देतो. डास हा या रोगाचा वाहक आहे, हे पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टराने १८७७ मध्ये चीनमधील अमॉय येथे दाखवून दिले. त्यापूर्वी १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमोथी लुईस यांना माणसाच्या रक्तात ही पिल्ले आढळली होती. म्हणजे या रोगाच्या शास्त्रीय इतिहासात आपला देश प्रारंभापासूनच आहे.

दुःखाची गोष्ट ही, की रोगाच्या भारातही तो अग्रभागी राहिला. २००० साली जगात सुमारे बारा कोटी लोकांच्या शरीरात हे जंत होते आणि त्यांपैकी चार कोटी लोक विद्रूप किंवा अपंग झाले होते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. या एकूण भारापैकी सुमारे चाळीस टक्के भार भारताच्या वाट्याला आलेला होता. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा या पूर्व विदर्भाच्या जिल्ह्यांना या रोगाने दीर्घकाळ ग्रासले. नांदेड, सोलापूर आणि सिंधुदुर्ग हेही त्याच्या यादीत होते. पॉन्डिचेरीच्या कीटक नियंत्रण संशोधन केंद्रातील अभ्यासकांनी २००० साली हिशेब मांडला, तेव्हा भारताचे या रोगापायी होणारे नुकसान वर्षाला ऐंशी कोटी डॉलरांहून अधिक असल्याचे दिसून आले. यातील मोठा भाग औषधोपचाराचा नसून बुडालेल्या कामाच्या दिवसांचा होता. सुजलेला पाय घेऊन चिखलणी करता येत नाही आणि अंडवृद्धी झालेल्या पुरुषाला ओझे उचलता येत नाही. धानाच्या पट्ट्यातील भूमिहीन मजुराजवळ श्रमाखेरीज विकण्यासारखे दुसरे काय असते? तेच हा रोग हिरावून घेतो.

शांततेचा तह

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्याच्या रक्तात हजारो मायक्रोफायलेरिया फिरत आहेत, त्या माणसाला काही होत का नाही?

शरीरात परका जीव शिरला की प्रतिकारशक्तीने त्याच्यावर तुटून पडावे, ही आपली सर्वसाधारण कल्पना असते. जीवाणू आणि विषाणू यांच्या बाबतीत बहुतांशी तसेच घडते. जंतांचे मात्र निराळे आहे. इतका मोठा शत्रू एखादी श्वेतपेशी गिळू शकत नाही. त्याच्याशी लढण्यासाठी शरीराने इओसिनोफिल नावाच्या पेशी आणि 'आय-जी-ई' नावाची प्रतिद्रव्ये अशी वेगळी सामग्री बाळगलेली आहे. परंतु ही लढाई वर्षानुवर्षे पूर्ण जोमाने चालू राहिली, तर जंताबरोबर स्वतःच्या ऊतींचीही राखरांगोळी होईल. त्यामुळे काही काळाने शरीर आपला पवित्रा बदलते. सैन्याला आवर घालणाऱ्या नियामक पेशी वाढतात. 'इंटरल्युकिन-१०' सारखी दाह शमविणारी द्रव्ये स्रवू लागतात. आणि 'आय-जी-ई' च्या जोडीला 'आय-जी-जी-४' नावाची, भांडण न वाढविणारी प्रतिद्रव्ये मोठ्या प्रमाणात तयार होतात. जंतही आपल्या स्रावांनी या शांततेला हातभार लावतो. अशा रीतीने जंत आणि यजमान यांच्यात एक प्रकारचा तह होतो. हा तह वर्षानुवर्षे टिकू शकतो. प्रौढ जंताचे आयुष्यच सरासरी सहा ते आठ वर्षांचे असते.

ज्यांच्या शरीरात हा तह टिकतो ते लोक निरोगी दिसतात आणि रक्तात सर्वाधिक पिल्ले त्यांच्याच असतात. उलट ज्यांचे पाय हत्तीसारखे सुजलेले असतात त्यांच्यापैकी पुष्कळांच्या रक्तात एकही मायक्रोफायलेरिया सापडत नाही, कारण त्यांच्या शरीराने तह मोडून तीव्र प्रतिक्रिया दिलेली असते आणि त्या प्रतिक्रियेची किंमत त्यांच्याच लसीकावाहिन्यांनी मोजलेली असते. सामान्य समजुतीच्या नेमका उलट असा हा प्रकार आहे. गावातील हत्तीपायाचा रोगी पाहून लोक दूर सरतात, त्याच्या घरची सोयरीक टाळतात. वास्तविक रोग पसरविण्यात त्याचा वाटा बहुधा नगण्य असतो. रोग पसरतो तो शेजारच्या तगड्या, हसतमुख आणि गोळी नाकारणाऱ्या माणसाच्या रक्तातून.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक ओळखीची गोष्ट दिसेल. दोन पक्षांनी आपसात करार करावा, दोघांचीही सोय व्हावी, आणि त्या कराराचा खर्च मात्र तिसऱ्यावर पडावा, याला आमच्या शास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. कारखान्याचा धूर हे त्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण होय. कारखानदार आणि ग्राहक दोघे खूश असतात. खोकला शेजाऱ्याला होतो. जंत आणि यजमान यांच्यातील तह अगदी याच जातीचा आहे. तह त्या दोघांचा. पाय सुजतो शेजाऱ्याच्या मुलाचा. 'मला काही झालेले नाही' हे वाक्य खरे असूनही गोळी नाकारण्यास पुरेसे कारण ठरत नाही, ते या कारणाने.

शिवाय ते वाक्य पूर्णांशाने खरेही नाही. ब्राझीलमधील रेसिफे येथे १९९० नंतरच्या दशकात डॉक्टरांनी ध्वनिलहरींच्या यंत्राने, म्हणजे आपण ज्याला सोनोग्राफी म्हणतो त्या तंत्राने, लक्षणे नसलेल्या पुरुषांच्या लसीकावाहिन्यांत जिवंत जंत वळवळताना पाहिले. त्या वाहिन्या फुगलेल्या होत्या. म्हणजे तह चालू असतानाही घराच्या भिंतींना तडे जातच असतात. फक्त घरमालकाला ते दिसत नाहीत.

जंताच्या पोटातील भाडेकरू

या कहाणीत एक तिसरे पात्र आहे, आणि त्याच्यामुळेच गोळीनंतरच्या तापाचा बराचसा उलगडा होतो. १९२४ मध्ये मार्शल हर्टिग आणि बर्ट वोल्बाक या अमेरिकन संशोधकांना डासाच्या पेशींत राहणारा एक सूक्ष्म जीवाणू आढळला. पुढे १९३६ मध्ये हर्टिग यांनी त्याला आपल्या सहकाऱ्याच्या नावावरून वोल्बाकिया असे नाव दिले. १९७० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फायलेरियाच्या जंतांचे छेद तपासताना त्यांच्याही पेशींत जीवाणूसारखे काही तरी दिसले. परंतु दोन दशके त्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. १९९० नंतर जनुकांच्या परीक्षेने सिद्ध झाले, की हा वोल्बाकियाचाच भाऊबंद आहे. माणसाच्या शरीरात जंत भाडेकरू, तर जंताच्या शरीरात हा पोटभाडेकरू!

परंतु हा पोटभाडेकरू फुकट राहणारा नाही. २००५ मध्ये ब्रुगिया या फायलेरिया जंतातील वोल्बाकियाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. जंताला स्वतः तयार करता न येणारी रायबोफ्लेविन, हीम यांसारखी द्रव्ये बनविण्याची सामग्री या जीवाणूजवळ आहे आणि बदल्यात तो जंताकडून अमिनो आम्ले घेत असावा, असे त्यावरून दिसून आले. मादी जंताच्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीत जातो. त्याच्यावाचून जंताची वाढ खुंटते, मादी वांझ होते आणि कालांतराने जंत मरतो. विशेष असे, की जीवाणू मारणारी टेट्रासायक्लिन वर्गातील जुनी, स्वस्त औषधे या जंतांवर चालतात, ती जंताला थेट मारून नव्हे, तर त्याचा पोटभाडेकरू हुसकावून. टांझानियात डॉक्सिसायक्लिन आठ आठवडे देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत हत्तीरोगाचे प्रौढ जंतदेखील मोठ्या प्रमाणावर मेल्याचे आढळले.

आता तापाविषयी. डायइथिलकार्बामाझिन, म्हणजे डीईसी, हे हत्तीरोगाचे जुने औषध १९४७ पासून माहीत आहे. ते घेतल्यावर रक्तातील मायक्रोफायलेरिया झपाट्याने मरतात. मेलेल्या पिल्लांची शरीरे फुटली, की त्यांच्यातील वोल्बाकियाचे तुकडे रक्तात येतात. जंताशी तह करून बसलेली प्रतिकारशक्ती जीवाणूच्या बाबतीत मात्र कसलाही तह मानत नाही. जीवाणूच्या आवरणातील विशिष्ट प्रथिने ओळखणारे पहारेकरी आपल्या पेशींवर जन्मतःच बसविलेले असतात. ते तत्काळ धोक्याची घंटा वाजवतात. मग ताप, डोकेदुखी, अंगदुखी, क्वचित उलटी. आफ्रिकेतील नदीकाठच्या अंधत्वाच्या रोगातही डोळ्याला होणाऱ्या दाहात या जीवाणूचा मोठा हात असल्याचे २००२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसून आले. सगळा दोष वोल्बाकियाचा, असे मात्र म्हणता येणार नाही. लोआ लोआ नावाच्या आफ्रिकी जंतात हा जीवाणू मुळीच नसतो, तरीही त्याच्या पिल्लांची रक्तात दाटी असलेल्यांना औषधाने गंभीर प्रतिक्रिया येतात. जंताचे स्वतःचे अवशेषही शरीराला डिवचतात, एवढे त्यावरून समजते.

या सर्व विवेचनाचा व्यवहारातील अर्थ सोपा आहे. गोळी घेतल्यावर ज्याला ताप येतो, त्याच्या रक्तात बहुधा जंताची पिल्ले होती. पाच देशांतील सव्वीस हजारांहून अधिक लोकांवर, त्यांत भारतातीलही लोक होते, तीन औषधांच्या सुरक्षिततेची पाहणी झाली. तिच्यातही रक्तात मायक्रोफायलेरिया असलेल्यांनाच त्रास अधिक प्रमाणात झाला. म्हणजे ज्या तापाकडे बोट दाखवून गाव म्हणते, 'गोळी बाधली', तो ताप बहुतेक वेळा गोळी लागू पडल्याची खूण असतो. आणि ज्याला ताप येतो, नेमकी त्याच माणसाने गोळी घेण्याची समाजाला सर्वाधिक गरज असते.

तापाची किंमत कोणी द्यावयाची?

येथेच शासनाच्या धोरणाचे अपुरेपण उघडे पडते. राष्ट्रीय फायलेरिया नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. पुढे त्याचा भर मुख्यतः शहरांतील डासांच्या अळ्या मारण्यावर राहिला आणि खेडी मागे पडली. २००४ पासून रोगग्रस्त जिल्ह्यांत सर्वांना वर्षातून एकदा औषध देण्याची मोहीम देशभर हाती घेण्यात आली. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने निर्मूलनासाठी २०१५ हे साल ठरविले होते. ते गेले. २०१७ च्या धोरणाने २०१७ सालच ठरविले. तेही गेले. २०२३ मध्ये केंद्र शासनाने २०२७ हे नवे उद्दिष्ट जाहीर केले. दरम्यान चीनने २००७ मध्ये, श्रीलंकेने २०१६ मध्ये, बांगलादेशाने २०२३ मध्ये आणि ब्राझीलने २०२४ मध्ये या रोगाचे सार्वजनिक आरोग्यसमस्या म्हणून उच्चाटन केल्याची मान्यता मिळविली. बांगलादेशाजवळ आपल्याहून अधिक पैसा किंवा अधिक डॉक्टर होते, असे कोणी म्हणणार नाही.

औषधांत सुधारणा झाली नाही, असेही नाही. पापुआ न्यू गिनीतील चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन या तीन औषधांची एकच मात्रा दिल्यावर वर्षभरानंतरही शंभरांपैकी सुमारे ९६ जणांचे रक्त मायक्रोफायलेरियामुक्त राहिले. दोन औषधांच्या एका मात्रेने हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होते. भारतात ही त्रिवार मात्रा प्रथम ज्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नागपूर होता. पण औषध कितीही गुणकारी असले तरी ते पोटात गेले पाहिजे. एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांनी प्रत्येक फेरीत ते गिळावे, असा दंडक आहे. कागदोपत्री हा आकडा गाठला जातो. पण वाटलेली गोळी आणि गिळलेली गोळी यांत अंतर असते, हे निरनिराळ्या पाहण्यांनी वेळोवेळी दाखवून दिलेले आहे. 'जेवणानंतर घेतो' म्हणून ताकात ठेवलेली गोळी तेथेच राहते.

या अंतराचे कारण अर्थशास्त्राच्या दृष्टीने स्पष्ट आहे. गोळीचा लाभ सगळ्या गावाला मिळतो, पण दुसऱ्या दिवशीच्या तापाचा खर्च एकट्या गिळणाऱ्याला सोसावा लागतो. पगारी नोकराला एका दिवसाच्या तापाचे फारसे काही वाटत नाही. तो रजेचा अर्ज टाकतो. रोजंदारीवरच्या मजुराचा मात्र तो दिवस बुडतो, आणि रोवणीच्या हंगामात तर ते दोन-तीन दिवस वर्षाच्या कमाईत मोठा फरक पाडतात. म्हणजे सार्वजनिक हिताचा खर्च आपण गावातील सर्वांत गरीब माणसाकडून वसूल करीत आहो, आणि तो कुरकुरला की त्याच्या अज्ञानाबद्दल हळहळत आहो! यात न्याय तर नाहीच, शहाणपणही नाही.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. मोहिमेची वेळ रोवणी-कापणीच्या हंगामात पडणार नाही, ही पहिली गोष्ट. गोळीनंतर ताप आलेल्या मजुराला एक-दोन दिवसांच्या किमान मजुरीइतकी भरपाई गावातच, कागदपत्रांचा खटाटोप न करता मिळावी, ही दुसरी. असे केल्यास लोक खोटा ताप सांगतील, असा आक्षेप निघेल. थोडे सांगतीलही. परंतु काम मागणाऱ्याला काम देण्याची हमी १९७७ मध्ये कायद्याने देणाऱ्या महाराष्ट्राला हा हिशेब नवा नाही. थोडी गळती पत्करून मोठे सार्वजनिक काम उरकून घेणे हे नेहमीच फायद्याचे ठरते; आणि एका हत्तीपायाच्या रोग्याचे आयुष्यभराचे बुडालेले श्रम विचारात घेतले, तर ही गळती किरकोळ आहे. तिसरी गोष्ट म्हणजे, मोहिमेनंतरचे तीन दिवस आरोग्य सेवक गावात असला पाहिजे. गोळी देताना चार माणसे आणि ताप आल्यावर एकही नाही, ही स्थिती अविश्वासाला निमंत्रण देणारी आहे.

वोल्बाकियावर चालणाऱ्या डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीत मात्र उत्साहाला आवर घातला पाहिजे. हे औषध जंतांना हळूहळू मारते, त्यामुळे एकदम भडका उडत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु ते चार ते सहा आठवडे रोज घ्यावे लागते. गर्भवती स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत. शिवाय कोट्यवधी लोकांना महिनाभर प्रतिजैविक चारणे म्हणजे दुसऱ्या एका बाह्य परिणामाला जन्म देणे होय. प्रतिजैविकांची परिणामकारकता ही गावाच्या गायरानासारखी सामाईक मालमत्ता आहे. सगळ्यांनीच तीत गुरे सोडली, तर गवत उरणार नाही. निवडक रोग्यांवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याचा उपयोग व्हावा. आणि वोल्बाकियाला थोड्या दिवसांत नष्ट करणाऱ्या नव्या औषधांचा शोध सार्वजनिक पैशाने चालावा. बाजार हे काम आपण होऊन करणार नाही, कारण या रोगाच्या गिऱ्हाइकांच्या खिशात पैसा नसतो. आयव्हरमेक्टिनच्या शोधाबद्दल कॅम्पबेल आणि ओमुरा यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. पण ते औषध मूळचे गुराढोरांच्या बाजारासाठी विकसित झाले होते. माणसांपर्यंत मोठ्या प्रमाणावर ते पोहोचले ते १९८७ मध्ये कंपनीने फुकट देण्याचे जाहीर केल्यावर. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेत हत्तीरोगाच्या निदानावर वर्षानुवर्षे संशोधन झालेले आहे. ज्या प्रदेशात रोग आहे, त्याच प्रदेशात अशा संस्थांना बळ देणे हा खर्च नसून गुंतवणूक आहे.

विश्वासाचा प्रश्न

यापुढचा मुद्दा पैशाचा नाही, पण पैशाहून महत्त्वाचा आहे. १९६७ मध्ये हान्नेस लाव्हेन या जर्मन शास्त्रज्ञाने ब्रह्मदेशातील रंगूनजवळच्या ओकपो या खेड्यात वेगळ्या जातकुळीचे नर डास सोडून हत्तीरोग पसरविणाऱ्या क्युलेक्स डासांची पैदास थांबवून दाखविली. दोन जातकुळींच्या मीलनातून अंडी का उबत नाहीत, हे तेव्हा ठाऊक नव्हते. त्यामागे वोल्बाकियाच आहे, हे १९७१ मध्ये सिद्ध झाले. याच धर्तीचे काम जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनी दिल्लीत हाती घेतले होते. त्याला अमेरिकेचा निधी होता. या प्रकल्पाचा संबंध जैविक युद्धाच्या संशोधनाशी असल्याचा आरोप वृत्तपत्रांत झाला, तो संसदेत गाजला, लोकलेखा समितीने त्यावर ताशेरे झाडले आणि १९७५ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने आरोप नाकारले होते. ते खरे की खोटे, हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. बोध एवढाच, की लोकांना आधी विश्वासात न घेता त्यांच्या भल्यासाठी केलेले कामही संशयाच्या एका झुळकीने कोलमडते.

आजच्या मोहिमेतही तोच धोका आहे. गोळीने ताप येऊ शकतो, हे आधी सांगितले तर लोक घेणार नाहीत, या भीतीने ते दडपून बोलले जाते. मग ताप येतो, अफवा उठते, आणि पुढच्या वर्षी गावाचे दरवाजे बंद होतात. याउलट आधीच सांगितले, की 'तुमच्यापैकी काहींना ताप येईल. ज्यांना येईल त्यांच्या रक्तात बहुधा जंत होते असे समजा. औषध तयार आहे, मजुरीची सोय आहे, आम्ही येथेच आहो', तर तोच ताप अफवेऐवजी पुरावा होईल. अर्थव्यवहारात ज्याला माहितीची विषमता म्हणतात, ती दूर करण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. यासाठी विशेष यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. प्रत्येक गावात शाळा आहे, शिक्षक आहे. सातवी-आठवीच्या मुलाला जंताच्या पोटातील जीवाणूची गोष्ट समजते, आणि ती तो घरी जाऊन आजोबांना सांगतो. ग्रामपंचायतीतील लिपिक, महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी यांनी हे काम अंगावर घेतले, तर ते परक्या कर्मचाऱ्यापेक्षा अधिक खात्रीने करतील.

शेवटी, ज्यांचे पाय आधीच सुजलेले आहेत त्यांचा विसर पडता कामा नये. जंत मेले तरी फुगलेल्या वाहिन्या पूर्ववत होतीलच असे नाही. या रोग्यांना वारंवार येणारा ताप आणि पायाची आग बहुतांशी वेगळ्या जीवाणूंमुळे होते. बोटांच्या बेचक्यांतील भेगांतून ते आत शिरतात. त्यांना अडविण्याचा उपाय म्हणजे रोज साबण-पाण्याने पाय धुणे, कोरडा करणे, भेगांना मलम लावणे, पाय उंच ठेवणे आणि व्यायाम. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया होते. याला महागडे विज्ञान लागत नाही. साबण, स्वच्छ पाणी, पायताण आणि सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख एवढेच लागते. निर्मूलनाचे दाखले मुख्यतः रक्तातील संसर्गाची मोजणी करून मिळतात. सुजलेले पाय त्या मोजणीत फारसे येत नाहीत. म्हणूनच त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद असणे अगत्याचे आहे. तसेच तुंबलेली गटारे आणि उघडी शौचकूप-टाकी हे क्युलेक्स डासाचे माहेर आहे. ती बंद करण्याची जबाबदारी नगरपालिका-ग्रामपंचायतींची आहे. ती गोळीच्या पाकिटाआड लपविता येणार नाही.

'मला काही झालेले नाही' असे म्हणणाऱ्या गृहस्थाला आता उत्तर देता येईल. तुम्हाला काही झालेले नाही, कारण तुमच्या शरीराने जंताशी तह केला असण्याचा संभव आहे. त्या तहाची किंमत तुमच्या शेजाऱ्याचे मूल मोजत असेल, आणि पुढेमागे तुम्हालाही मोजावी लागेल. म्हणून गोळी घ्या. परंतु हे सांगण्याचा नैतिक अधिकार शासनाला तेव्हाच लाभेल, जेव्हा गोळीनंतरच्या तापाचा आणि बुडालेल्या मजुरीचा भार ते स्वतः उचलेल. नागरिकाने शेजाऱ्यासाठी एक दिवसाचा ताप सोसावा, ही अपेक्षा रास्त आहे. त्या दिवशी त्याची चूलही विझावी, ही अपेक्षा रास्त नाही. २०२७ हे साल तिसऱ्यांदा चुकलेले साल ठरू नये असे वाटत असेल, तर हा साधा हिशेब आधी पुरा करणे प्राप्त आहे.